खिडकीतली गंगाजळी

मी एक जुनी पितळी गंगाजळी आहे. जे सांगणार आहे ते २०१४ सालच्या उन्हाळ्यात उघडकीस आले, म्हणून ते साल माझ्या चांगले लक्षात आहे. त्याच्या आधीचेही पुष्कळ लक्षात आहे. पितळ सहसा विसरत नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कित्येकांनी गंगाजळी पाहिलीही नसेल. पोट गोल, मान आखूड, दोन बोटे आत जातील एवढे तोंड आणि त्यावर फिरकीचे झाकण, असे माझे रूप. काशीला आलेली माणसे माझ्यासारख्या भांड्यातून गंगेचे पाणी घरी नेत असत. मला विष्णु कसेऱ्याने, म्हणजे कासाराने, ठठेरी बाजारात घडवले, १९५३ साली. तो ठोकताना गुणगुणत असे आणि मधूनच माझ्या पोटावर टिचकी मारून आवाज ऐकत असे. आवाज आवडला नाही की पुन्हा ठोकायचा.

ब्रह्मा घाटावरच्या अन्नपूर्णाबाईंनी मला विकत घेतले. त्यांचे घराणे महाराष्ट्रातून येऊन काशीत चार पिढ्या राहिलेले, वेद शिकवणारे. त्यांनी मला रामेश्वरला नेले. माझ्या तोंडाला वितळवलेल्या कथलाची झाळ लावून पाणी आत बंद केले होते, आणि आगगाडीच्या त्या लांबलचक प्रवासात बाईंनी मला मांडीवरून खाली ठेवले नाही. डब्यातली अनोळखी माणसे मला हात लावून तो डोळ्यांना लावत. पुढे घाटावर कोणाचा शेवट जवळ आला की त्या घरचे कोणीतरी धावत येई आणि म्हणे, "बाई, गंगाजळी द्या." कितीतरी ओठांना शेवटचे पाणी माझ्यातून गेले. मला गर्व होता. आता सांगायला लाज वाटते, पण होता.

मग प्लॅस्टिकचे डबे आले. अन्नपूर्णाबाई गेल्या आणि मी माळ्यावर गेले. तिथे तीस वर्षे धूळ खाल्ली. तिथून मला पुन्हा खाली काढले ते २०११ साली.

तोवर घरात अन्नपूर्णाबाईंचे चिरंजीव नीलकंठ गुरुजी म्हातारे झाले होते. नदीकडच्या खोलीत ते रोज सकाळी घाटावरच्या मुलांना स्तोत्रे शिकवत. त्यांचा मुलगा गोपीनाथ बँकेत होता. सुनेचे नाव इंदू. आणि नात मैत्रेयी, पाच वर्षांची. माळ्यावरूनसुद्धा मला तिचा आवाज ओळखू येई. गुरुजी शिकवत असताना एखादा मुलगा अडला की स्वयंपाकघरातून ही पुढचा चरण सांगे. तिला कोणी शिकवले नव्हते. ऐकून ऐकून साठ श्लोकांचे स्तोत्र तिला पाठ झाले होते. गुरुजी तोंडाने रागवत आणि मनात फुगत.

त्या पावसाळ्यात तिला तहान लागू लागली. ती तांब्यावर तांबे पाणी पिई, अंथरूण ओले करी, आणि काडीसारखी वाळली. एका दुपारी ती उठेना, तेव्हा इस्पितळात नेले. दहा दिवसांनी परत आली ती मधुमेह घेऊन. मुलांना होतो तो मधुमेह. शरीर इन्सुलिन बनवायचे थांबते, म्हणून ते रोज सकाळ-संध्याकाळ सुईने द्यावे लागते, जन्मभर. ते एका छोट्या बाटलीत येते आणि थंड ठेवावे लागते.

मित्रांनो, इथून माझी गोष्ट सुरू होते आणि इथूनच मला किळस येऊ लागते.

घरात फ्रिज होता. पण त्यात देवाच्या नैवेद्याचे दूध, दही, लोणी असे. ते सोवळ्यात लागे, म्हणजे अशुद्ध वस्तूचा त्याला स्पर्श चालत नसे. घाटावर कोणीतरी गुरुजींना सांगितले होते की हे औषध जनावराच्या अंगातून काढतात. इंदू म्हणाली, तसे पूर्वी होते, आता कारखान्यात बनते, डॉक्टरांनीच सांगितले. गुरुजींना ते पटले नाही.

"सूनबाई, पोरीला औषध देऊ नको असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "पण देवाच्या दुधाशेजारी ही बाटली नको."

"मामंजी, गरम झालं तर खराब होतं ते."

गुरुजींनी बराच वेळ विचार केला. मग मला माळ्यावरून काढवले, स्वतः चिंच लावून घासले आणि घाटावरून ताजे पाणी आणून अर्धे भरले. "हिच्यात ठेव. गंगेत सगळं शुद्ध होतं आणि पाण्यात गारही राहील. खिडकीत ठेव, गंगेकडे तोंड करून."

गोपीनाथने वर्तमानपत्राची घडी घातली आणि तो बँकेत गेला.

प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली ती बाटली माझ्या पोटात आली. झाकण घट्ट फिरवले गेले. तिला फिनेलसारखा वास होता. मला शिसारी आली. रामेश्वरला जाऊन आलेली मी, माझ्या पोटी हे काय आले, असे वाटले. घरी येणारी मंडळी मात्र मला पाहून माना डोलवत. गुरुजींनी काय सुंदर तोड काढली, धर्मही राखला आणि पोरीचे औषधही राखले, असे म्हणत.

आता ब्रह्मा घाटाची रचना ऐका. आमचा काठ पश्चिमेचा. समोरच्या वाळूवरून सूर्य उगवतो आणि नदीकडच्या खिडकीत सरळ येऊन बसतो. आम्हा पितळी भांड्यांना ऊन फार लवकर चढते. वैशाखात दहा वाजेपर्यंत माझ्या पोटाला हात लावता येत नसे. आतले पाणी कोमट, मग कढत. इंदू आधी रोज पाणी बदलत असे. नंतर घरकामात दोन-तीन दिवस राहून जाई. माझ्या आतल्या अंगाला हिरवट बुळबुळ धरली. ती बाटली त्या शेवाळात दिवसभर उकडत असे. आणि बाहेरून माणसे मला नमस्कार करत.

बिघडलेले इन्सुलिन बिघडल्यासारखे दिसत नाही. बाटली तशीच, रंग तसाच, फक्त आतला जोर गेलेला. मैत्रेयीची साखर उन्हाळाभर चढलेली राही. डॉक्टर विचारत, औषध कुठे ठेवता? इंदू म्हणे, फ्रिजमध्ये. परक्या माणसांपुढे सासऱ्यांची गोष्ट उघडी करायला तिची जीभ रेटत नसे. डॉक्टर मग मात्रा वाढवत.

साखर चढली की त्या पोरीचे डोळे जड होत. वहीतली एकच ओळ ती पुन्हा पुन्हा वाची. काल पाठ केलेला पाढा आज तिच्याकडे अनोळख्यासारखा बघे. शाळेत आजाराचे सांगायचे नाही असे घरात ठरले होते, उद्या लग्नाच्या वेळी निघायला नको म्हणून. पोर सहा वर्षांची आणि हे लग्नाचे बोलत होते. त्यामुळे वर्गात बाई तिला पुन्हा पुन्हा लघवीला सोडत नसत, आणि एकदा बाकावरच झाले. त्यानंतर शाळा सुटली की माझ्या खिडकीखालून पोरे ओरडत जात, "टपकता नल, टपकता नल," म्हणजे गळका नळ. ती खाली मान घालून जिना चढे आणि कोणाला काही सांगत नसे. मला दिसे, कारण मी तिथेच होते, तिचे औषध पोटात घेऊन.

शेजारच्या गीताकाकू तर मला डोळ्यांसमोर नकोत. त्यांनी आधी कसलीशी कडू पूड आणली, सुया बंद करा म्हणाल्या. इंदूने ते ऐकले नाही, तेवढे तिचे उपकार. मग त्या देवळातले पेढे घेऊन आल्या. "प्रसादानं कधी साखर वाढते का ग?" म्हणाल्या आणि दोन पेढे पोरीच्या तोंडात कोंबले. महिन्याभराने आमच्याच पायरीवर बसून दुसऱ्या बाईला सांगत होत्या, "डोक्यानं जरा मंदच आहे हो ती." पोरीच्या तोंडात पेढे कोंबणाऱ्या त्याच ह्या. मला ओकारी येत असती तर तेव्हा आली असती.

हिवाळ्यात उलटे होई. नदीवर धुके, खिडकीत गारठा, मी बर्फासारखी. औषध पुन्हा जोरदार, आणि मात्रा मात्र उन्हाळ्यात वाढवलेली. आता साखर एकदम खाली येई.

२०१४ च्या जानेवारीतली सकाळ. आमच्या घरी रीत अशी की अंघोळ करून, काही न खाता स्तोत्र म्हणायचे. खाल्लेल्या तोंडाने नाही. इंदूने सहा वाजता सुई दिली. अर्ध्या तासात पोर खाईल अशी तिची समजूत. पण मैत्रेयी चुकू लागली आणि गुरुजींनी पहिल्यापासून म्हणायला लावले. ती पुन्हा चुकली. पुन्हा पहिल्यापासून. इंदू दारात दुधाचा पेला घेऊन उभी होती.

"मामंजी, तिला खाऊ दे आधी."

"झालं की खाईल."

इतक्या थंडीत पोरीच्या कपाळावर घाम आला होता. बोटे थरथरत होती. ती म्हणाली, "आजोबा, श्लोक येतो आहे, पण फिसलून जातो."

"फिसलत नाही. तू लक्ष देत नाहीस. पहिल्यापासून."

एकतिसाव्या श्लोकाच्या दुसऱ्या चरणावर तिचे डोळे वर गेले आणि ती बसल्या जागी कोसळली. हातपाय झटकू लागली. इंदूने पेला टाकला आणि साखर ओली करून तिच्या गालाच्या आत चोळत राहिली. पुष्कळ वेळाने पोर भानावर आली, पण दिवसभर आईकडे अनोळख्यासारखी बघत होती. त्या हिवाळ्यातले ते तिसरे कोसळणे. डॉक्टरांनी मात्रा एकदम कमी केली. आणि पुढे उन्हाळा येत होता.

मार्चमध्ये ती तिसरीत नापास झाली. शाळेने चिठ्ठी पाठवली. गुरुजींनी ती वाचून घडी केली आणि निर्णय दिला. जुलैपासून शाळा नाही. डोक्याला ताण नको. घरी राहील, वाती वळेल, देवाचे करील.

इंदूने त्या घरात कधी उलटे उत्तर दिले नव्हते. त्या दिवशी दिले. "वाती वळायला जन्मली नाही ती, मामंजी."

"मग कशाला जन्मली, ते तिच्या डोक्याला विचार."

गोपीनाथने पुन्हा वर्तमानपत्राची घडी घातली. मैत्रेयी माझ्याशेजारी खिडकीत बसून होती. तिने सगळे ऐकले. नंतर हळूच, ओठांतल्या ओठांत, स्तोत्र सुरू केले, आणि एकतिसाव्या श्लोकाशी ती थांबली. साठच्या साठ श्लोक तिला पाचव्या वर्षी येत होते हे मला माहीत होते, तिलाही माहीत होते. जुलैला तीन महिने होते.

मे महिन्यात नदीचे पाणी आटले आणि दगडी पायऱ्या तव्यासारख्या झाल्या. एका सकाळी मैत्रेयीला उलट्या सुरू झाल्या. श्वास खोल खोल जाऊ लागला आणि तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास येऊ लागला. पुन्हा इस्पितळ. मी खिडकीत एकटी राहिले, पोटात तीच बाटली.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास इंदू एकटी घरी आली. तिने मला जशीच्या तशी उचलले, पिशवीत घातले आणि रिक्षाने इस्पितळात नेले. वाटेत ती स्वतःशीच बोलत होती, त्यावरून मला कळले. तिथे रुची नावाची एक तरुण परिचारिका होती. आईबापांना सुई, खाणे, साखर मोजणे हे शिकवायचे तिचे काम. तिने तीन वर्षांचे कागद पसरून पाहिले. म्हणाली, इथे थोड्याशा मात्रेत साखर दोन दिवसांत जाग्यावर आली, मग घरी का येत नाही? दवा कुठे ठेवता? इंदू नेहमीप्रमाणे फ्रिज म्हणाली. तेव्हा खाटेवरून पोर म्हणाली, "नाही. गंगाजळीत."

रुचीने मला हातात घेतले आणि चटकन टेबलावर ठेवून बोटे झटकली. मग रुमाल धरून झाकण फिरवले. आतला वास बाहेर आला आणि तिचे तोंड वेडेवाकडे झाले. तिने चिमट्याने ती बुळबुळीत पिशवी वर काढली.

"दीदी," ती म्हणाली, "ये दवाई रखी है या पकाई है?"

गुरुजी दारात उभे होते, खांद्यावर उपरणे. ते म्हणाले, "गंगाजल में दोष नहीं होता, बेटी."

"दोष नहीं होता, बाबूजी. गरमी तो होती है." तिने कागदांवर बोट ठेवले. "देखिए, हर गरमी में शुगर ऊपर, हर जाड़े में नीचे. बच्ची तो वही है. दवाई बदल रही थी."

मित्रांनो, मी माणसांची किळस करत आले होते. गीताकाकूंची, पोरीला लघवीला न सोडणाऱ्या बाईंची, घडी घालणाऱ्या गोपीनाथची, उपाशी पोरीला पहिल्यापासून म्हणायला लावणाऱ्या गुरुजींची. त्या दिवशी टेबलावर माझे झाकण काढून ठेवले होते आणि माझाच वास माझ्याभोवती पसरला होता. पोरीचे औषध शिजवले ते मीच. नमस्कार घेत घेत.

गुरुजींनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला. पोरीची बुद्धी गेली का? डॉक्टर म्हणाले, नाही. मेंदू साखरेवर चालतो. ती फार चढली तरी त्याला त्रास होतो आणि फार उतरली तरी होतो. लहान वयात असे वर्षानुवर्षे होत राहिले तर लक्ष टिकत नाही, शिकलेले पक्के बसत नाही, विचाराची चाल मंदावते. हा आजार असलेली कितीतरी मुले साखर सांभाळून इतरांसारखीच शिकतात. हिची आता सांभाळा. पुष्कळ परत येईल. सगळे येईल असे वचन मी देत नाही.

गुरुजींनी मान हलवली आणि मला उचलून स्वतः घरी घेऊन गेले.

ते जिने उतरून घाटावर गेले. भर दुपारी, डोक्यावर काही न घेता. शेवटच्या पायरीवर बसून त्यांनी माझ्यात बोटे घातली आणि ती हिरवी घाण ओढून बाहेर काढली. ती त्यांच्या बोटांना चिकटली. त्यांनी हात नाकाशी नेला. वाळूने त्यांनी मला घासले, मग हात घासले, मग पुन्हा मला. त्यांच्या तोंडावर जे होते ते मी ओळखले. तीन वर्षे मला ज्याची शिसारी येत होती, ती आता त्यांना आली होती.

घरी येऊन त्यांनी फ्रिज उघडला. वरच्या कप्प्यातले नैवेद्याचे दूध खाली ठेवले आणि तो कप्पा पुसून रिकामा केला. इंदू नवी बाटली घेऊन आली तेव्हा त्यांनी नुसते बोट दाखवले. क्षमा त्यांनी कोणाची मागितली नाही. मला ते अजून खटकते.

दुसऱ्या आठवड्यात मुलांना आधी दूध-पोहे आणि मग स्तोत्र असे सुरू झाले. घाटावरच्या एकाने टोमणा मारला, "काय गुरुजी, खरकट्या तोंडानं पाठ?"

"उपाशी पोरं चुकतात," गुरुजी म्हणाले आणि पुढचा श्लोक घेतला.

जुलैत इंदू डॉक्टरांचे पत्र घेऊन शाळेत गेली आणि सगळ्या बाईंसमोर आजाराचे नाव घेतले. मैत्रेयीला तिसरीत पुन्हा बसावे लागले, पण ती वर्गात बसली.

आता कोणाचे काय झाले ते सांगते.

गुरुजी २०१९ च्या माघात गेले. शेवटच्या दिवशी कोणीतरी म्हणाले, आईंची गंगाजळी आणा. गुरुजींनी डोळे उघडून मान हलवली. "ती पोरीची आहे," म्हणाले. त्यांना शेवटचे पाणी प्लॅस्टिकच्या डब्यातले मिळाले.

गोपीनाथ निवृत्त झाला. आता तो वर्तमानपत्र उघडे ठेवून बसतो आणि मुलीच्या साखरेचा आकडा विचारतो. तेरा वर्षे उशिरा, पण विचारतो. इंदू दर शनिवारी इस्पितळात जाते आणि नव्या आयांना औषध ठेवायला शिकवते. ज्यांच्या घरी फ्रिज नाही त्यांना सावलीतले मातीचे मडके आणि ओली वाळू दाखवते. पितळ नको, हे तिला दोनदा सांगायची सवय आहे. रुचीचे लग्न होऊन ती लखनऊला गेली. गीताकाकू अजून पेढे आणतात. मैत्रेयी हात जोडून घेते आणि उचलून फ्रिजमागे ठेवते. तिथे मुंग्या फार झाल्या आहेत.

आणि मैत्रेयी अठरा वर्षांची होऊन विद्यापीठात गेली. इतरांना एकदा वाचून कळते ते ती तीनदा वाचते आणि लिहून काढते. हिशेबाला तिला वेळ लागतो. लोक घाई करू लागले की ती म्हणते, "रुको ना, येतं आहे." आणि येते. पण ते साठ श्लोकांचे स्तोत्र तिला पुन्हा पूर्ण आले नाही. एकतिसाव्याशी ती थांबते. मी पुढचा चरण जाणते. मला सांगता येत नाही.

मी आता तिच्या टेबलावर असते, उन्हापासून लांब. माझ्या पोटात पाणी नाही. ग्लुकोजच्या गोळ्या आहेत आणि साखरेच्या पुड्या. हात थरथरू लागले, घाम आला, शब्द निसटू लागले की ती माझ्यात बोटे घालते. म्हणून मित्रांनो, तुमच्या वर्गात अशी कोणी असेल तर तिला मंद म्हणू नका. तिला पाणी पिऊ द्या, बाहेर जाऊ द्या, तास चालू असतानाही खाऊ द्या. आणि कधी आमच्या घरी आलात तर आवराआवरी करताना एवढे लक्षात ठेवा. माझे झाकण नुसते वर ठेवा, फिरवून घट्ट करू नका. थरथरत्या बोटांनी ते उघडत नाही.